धड्यासाठी नेलेला भात

माझ्या शुद्धलेखनाला कोणी हसू नये. ऱ्हस्वदीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळाच राहिली नाही. अक्षरही असं, की पाटीवरून ओली कोंबडी चालत गेली असं वाटावं. त्यात हात चुलीचा. पेन धरला की बोटं अवघडतात. माफी असावी. कोणाची मागते तेही मला ठाऊक नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. राग आला की मला बोलता येत नाही. घसा आवळतो, डोळे भरतात आणि समोरच्याला वाटतं, बाई रडून राह्यली. मी रडत नसते.

मी गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधते. आम्ही दोघी आहोत. दुसरी माझ्याहून मोठी, विधवा, तोंडाची पक्की. तिला लहानथोर सगळे मावशी म्हणतात. तिचं तोंड चालतं आणि माझे हात चालतात, असं आमचं जमलेलं आहे. माझी धाकटी मुलगी त्याच शाळेत सातवीला. तिच्यावर तीन मुली. थोरलीचं लग्न झालं, मधल्या दोघी हॉस्टेलात राहून शिकतात. म्हणजे घरी आम्ही तिघंच, मी, धाकटी आणि तिचा बाप. पण कोणी विचारलं तर धाकटी सांगायची, "आमी सहा जन." तिला सहा सांगायला आवडायचं.

आमच्या शाळेत सकाळची प्रार्थना झाली की हेडसर कोठीचं कुलूप काढतात. आमचा जिल्हा आदिलाबाद, म्हणून ते तेलुगू, मराठी मोडकं बोलतात. दारातूनच विचारतात, "एंत मंदी?" म्हणजे किती माणसं. वर्गावर्गाची हजेरी येते आणि तेवढ्याच डोक्यांचा तांदूळ तागडीत पडतो. एक पोर जास्त आलं तर त्या पोराचा तांदूळ जास्त. गैरहजर पोराचा तांदूळ पोत्यातच राहतो. हे मी आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

धाकटीला शिकवणारे सर भीमपूरकडचे. वयाने तरुण, आमच्यातलेच. त्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता आणि पोरगा शिकून मास्तर झाला, म्हणून आमच्या वस्तीला त्यांचा अभिमान. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. पण धाकटी फळ्यावरचं न पाहता शेजारणीच्या वहीतून उतरवते, हे त्यांनीच ओळखलं. मला, तिच्या आईला, ओळखता आलं नाही. एका शनिवारी त्यांनी आम्हा दोघींना आदिलाबादला नेऊन तिचे डोळे तपासून घेतले. चष्म्याचे नऊशे रुपये झाले. माझ्याजवळ बसभाड्यापुरते होते. सरांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, "ताई, जमेल तसे द्या. नाही दिले तरी काही नाही."

त्या दिवशी मी त्यांना मनातून पुष्कळ दुवा दिली. पण ते "नाही दिले तरी काही नाही" माझ्या कानात राहिलं. आमचा पगार कधी वेळेवर येत नाही. आला की मी शंभर, कधी पन्नास, असे देत गेले.

चष्मा लागल्यावर धाकटी मुद्दाम मागच्या रांगेत जाऊन बसायची आणि तिथून फळा वाचून दाखवायची. नव्या पैलवानाने रस्त्यात दंड दाखवावे तसं तिचं चाललं होतं.

तो दिवस कापूस वेचणीच्या सुरुवातीचा. मी भात नुकताच उतरवला होता. सातवीतल्या दोन मुली आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, सरनं गंजभर भात मांगतला. धड्याले पाह्यजे."

मावशी म्हणाली, "धड्याले भात? मंग वरन बी ने. धड्याले सुका भात लागन."

मी हसत हसत गंजात, म्हणजे लहान पातेल्यात, भात भरला. वरचा नाही, मधला, मोकळा. खरं सांगते, मला बरं वाटलं. एवढी वर्षं रांधते, माझा भात कधी वर्गात गेला नव्हता. म्हणून हात पुसून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

फळ्यावर सरांनी गाव काढलं होतं. एक नदी, एक टेकडी, टेकडीवर झाडंच झाडं. खाली लिहिलं होतं, लोकसंख्यावाढ आणि पर्यावरण. जमिनीवर खडूने मोठं रिंगण. त्यात दोन मुलं बसवली आणि त्यांच्या ताटात भरपूर भात वाढला. "हे गाव पूर्वीचं. दोन माणसं, पोटभर अन्न." मग चार बसवली. आता भात थोडा थोडा. पोरं खुशीत होती. मलाही वाटलं, चांगलं शिकवतात.

मग सरांनी विचारलं, "कोणाच्या घरी पाचपेक्षा जास्त माणसं आहेत?"

धाकटीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. "आमी सहा जन, सर!"

"ये. तुझं कुटुंब घेऊन रिंगणात ये."

तिने मैत्रिणींना निवडलं. ही माझी थोरली अक्का, ही मधली, ही दुसरी मधली. दोन मुलांना आईबाप केलं. सहाही जण रिंगणात शिरले, तर जागा पुरेना. कोणाचा पाय बाहेर, कोणाची कोपर दुसऱ्याच्या ताटात. गंजातला भात संपत आलेला. सरांनी सहा जणांत एकच ताट ठेवलं. वर्ग हसायला लागला. मागून एक पोरगा ओरडला, "सर, हिची अजून एक बहीन येऊन राह्यली, थोडं सरका मना!"

सरांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण आलं. मी पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आता सांगा, भात कोणामुळे कमी पडला?"

पोरांनी बोटं केली. "यांच्यामुळं!"

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. सरांनी धाकटीच्या हातात डस्टर दिलं. "प्रत्येक माणसाला घर लागतं, सरपण लागतं, शेत लागतं. तुम्ही बहिणी किती? चार. प्रत्येकीसाठी एक झाड पूस."

तिने पहिलं पुसलं, थोरलीचं. मग मधलीचं. मग दुसरीचं. तोवर ती हसत होती. चौथ्या झाडापाशी हात थांबला. ते झाड तिचं होतं. तिने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "पूस, पूस." आणि तिने स्वतःला पुसलं. त्याच चष्म्यातून, नीट पाहून, कुठे रेघ राहू नये असं पुसलं.

गंज परत आला तेव्हा तळाच्या भातावर खडूची भुकटी बसली होती. तो मी कोंबड्यांना टाकला.

त्या दुपारी धाकटी जेवणाच्या रांगेत आली नाही. म्हणाली भूक नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत आली, पण ताट पुढे केलं आणि मी पळी घातली तशी मागे ओढलं. "बस, माय. एवढाच." तिसऱ्या दिवशी तेवढाही नाही. घरी अर्धी भाकर खायची आणि अर्धी झाकून ठेवायची. बापाने विचारलं, "काऊन खाऊन नाही राह्यली व? मास्तरनं काई मनलं का?" ती म्हणाली, "बाबा, मी नसती त तुमाले एवढी वाळू भरा लागली नसती, नाही?"

तिचा बाप नदीवर ट्रॅक्टरमध्ये वाळू भरतो. त्याला काही समजलं नाही. तो म्हणाला, "येडी झाली का?" आणि हात धुवायला गेला. मला समजलं.

मावशीला मी चुलीपाशी सांगितलं. तिने ते पोटात ठेवायचं होतं. पण दुपारी सर पाणी प्यायला आले तर तिने विचारलंच. "सर, तुमी मायबापाले कितवे?"

"सहावा. का हो मावशी?"

"काई नाही. तुमचा हा धडा तुमच्या मायले आधी कोनी शिकवला असता, त आज आमच्या पोराईले शिकवाले कोन आलं असतं?"

सर मोठ्याने हसले. "मावशी, तुम्हाला वकील करायला पाहिजे होतं." तीही हसली. पाणी पिऊन ते गेले. मावशीला वाटलं तिने त्यांना चांगलं ठोकलं. मला वाटलं, संपलं. जे हसण्यावारी गेलं ते गेलं. आता मी काही बोलले तर तेही हसण्यावारी जाईल.

जाता जाता ते माझ्याकडे वळून म्हणालेही, "ताई, तो नुसता प्रयोग होता. मुलांच्या लक्षात राहतं." मी मान हलवली. का हलवली? कारण त्यांचे तीनशे रुपये अजून माझ्याकडे होते. ज्याचं देणं आहे त्याच्या तोंडावर कसं बोलावं, हे मला कोणी शिकवलं नाही. त्या मान हलवण्याचा मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला.

मला राग कशाचा आहे ते नीट लिहिते.

माणसं वाढली हे खोटं नाही. मी या गावात नवी आले तेव्हा टेकडीवर साग होता, टेकडीखाली गायरान होतं, आणि उन्हाळ्यातही पैनगंगेत कमरेएवढं पाणी असायचं. आज टेकडी बोडकी आहे. माझ्या शाळेच्या चुलीत कापसाची पऱ्हाटी जाते आणि पळसाची लाकडंही जातात. गॅस येणार येणार असं कधीचं ऐकून राह्यलो. मी झाड जाळत नाही असं मी म्हणणार नाही. पण गायरान कोणी खाल्लं? तिथे आता कापूस आहे, आणि त्या जमिनीचा पट्टा ज्याच्या नावावर आहे त्याला एकच मुलगा. नदीची वाळू कुठे गेली? बेला गावाच्या रस्त्याला दोन मजली घर झालं, पायऱ्यांवरसुद्धा सिमेंट, आत राहतात चार माणसं. ती वाळू माझ्याच नवऱ्याने पाटीपाटीने भरली. आमचं घर मातीचं आहे. आम्ही सहा होतो तेव्हाही मातीचंच होतं. आमच्या घराने त्या नदीतून एक पाटी वाळू आणली नाही. मग झाड पुसायला डस्टर माझ्याच पोरीच्या हातात काऊन?

हे मी सरांना विचारलं नाही. भांडी घासताना भांड्यांना विचारलं.

मग धाकटीने शाळाच सोडली. म्हणाली डोळे दुखतात. चष्मा डबीत घालून फळीवर ठेवला. मी रोज सकाळी म्हणायची, "चाल." ती म्हणायची, "उद्या." मला कामावर जावं लागे, मी जाई. रविवारी मी कापूस वेचायला निघाले तर ती आधीच डोक्याला फडकं बांधून उभी. मला वाटलं, वावरात तरी मन रमेल. नेली.

तिची बोटं चपळ. दुपारपर्यंत तिने माझ्या निम्म्याएवढा कापूस वेचला. संध्याकाळी मालकाने वजन केलं आणि म्हणाला, "पोरगी कामाची हाये तुई. रोज पाठवत जा. शाळेत काय ठेवलं?" तिच्या मजुरीच्या नोटा त्याने तिच्याच हातात दिल्या. रस्ताभर ती त्या मुठीत धरून चालली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुललेला होता. घराजवळ आल्यावर तिने मला विचारलं, "माय, आता मी जास्तीची नाही न?"

मी रस्त्यातच थांबले. बैलगाडीवाला मागून ओरडला, तेव्हा बाजूला झाले.

सोमवारी मी तिला हाताला धरून शाळेत नेलं. "वर्गात नको जाऊ. माह्यासंग कोठीत ये." तिला वाटलं काम असेल, आली. हेडसरांनी विचारलं, "एंत मंदी?" सातवीची हजेरी तिच्याशिवायची होती. तेवढा तांदूळ मोजला गेला. मी तिला म्हटलं, "पाह्यलं? तू हजर नाही, त तुहा तांदूळ तागडीत पडलाच नाही. तो कोनाच्या ताटात गेला का? तुह्या मैतरनीले एक शीत जास्त भेटलं का?"

ती विचार करून म्हणाली, "पन पोत्यात त राह्यला ना. वाचला ना, माय."

पोरगी हुशार आहे.  मी रागाने पोत्यात हात घातला आणि मूठभर काढून तिच्या नाकासमोर धरली. काळे पोरकिडे तुरुतुरु माझ्या मनगटावर चढले. "हे पाह्य कोनासाठी वाचवला तो! तू उपाशी राहून पोरकिड्याईले पोसून राह्यली!"

हेडसर "ए अम्मा, ए अम्मा" करत झाडू शोधायला लागले. धाकटी आधी दचकली आणि मग हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. हळूच म्हणाली, "माय, मी तुले पाह्यजे होती का?"

असं विचारल्यावर खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "पाह्यजे का नको, हे मले कोनी इचारलं नाही. थोरलीच्या वेळी नाही, तुह्या वेळी नाही. पन तू आली, मंग मी बी कोनाले इचारलं नाही. माही हाये मनलं, आन घेतली."

ती सुपातला तांदूळ निवडायला बसली.

मी तशीच सातवीच्या वर्गाकडे गेले. पैसे फिटल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते मोडलं. सर व्हरांड्यात होते. माझा घसा आवळलाच, डोळे भरलेच, पण या वेळी मी थांबले नाही.

"सर, तुमी तिच्या हातानं तिले पुसलं."

त्यांना कळेना. मी पुन्हा म्हटलं, "चौथं झाड तिचं होतं. तुमी पूस मनलं. ती जेवत नाही तवापासून. काल कापूस येचून आली आन मले इचारते, मी जास्तीची नाही न."

सरांचा चेहरा उतरला. पण माणूस खाली पडताना हाताला लागेल ते धरतो. ते म्हणाले, "ताई, मी तिचं वाईट का करीन? चष्मा कोणी आणला तिला?"

ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.  मग मी म्हटलं, "तुमीच आनला. म्हनून त तिले तुमच्या फळ्यावरचं सारं साफ दिसलं." आणि चुलीकडे परत आले.  मावशी म्हणाली, "काय मनली व तू त्याईले?" मी म्हटलं, "काई नाही. वरन उतरवा, लागन खाली."

त्या दिवशी दुपारी सर स्वतः स्वयंपाकाच्या खोलीशी आले. धाकटीसमोर उकिडवे बसून काहीतरी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने फळीवरून डबी काढली. रांगेत आली. गंजावर वाकली तर चष्म्यावर सगळी वाफ बसली. तिला दिसेना. तशीच ताट धरून उभी राहिली. मी पळी भरून घातली. तिने ताट मागे घेतलं नाही. मी आणखी घातली.

चाचणीत तो प्रश्न आला. लोकसंख्यावाढीचे पर्यावरणावर होणारे परिणाम लिहा. तिचा पेपर मी वाचला. हळू वाचते, पण वाचते. तिने सगळं सरांनी शिकवलं तसंच लिहिलं होतं आणि प्रत्येक ओळीला बरोबरची लाल खूण होती. शेवटी तिने एक ओळ स्वतःची घातली होती. "आमचे घर मातीचे आहे, त्याला नदीची वाळू लागली नाही." त्या ओळीला सरांनी बरोबरची खूणही केली नव्हती आणि चूकही दिली नव्हती. मी त्या ओळीकडे पुष्कळ वेळ पाहत बसले. शिकवणाऱ्याला एवढं एक ठरवता येऊ नये, याचा मला आजही राग आहे.

मी पुढचे दोन रविवार एकटीच वेचायला गेले. धाकटीची मजुरी मी त्यात घातली नाही. तिने त्यातून रिबिनी घेतल्या. तीनशे जमले तसे पदराच्या गाठीत बांधून मी सरांच्या टेबलापाशी गेले. ते म्हणाले, "ताई, राहू द्या आता. मला लाज वाटते."

"ते तुमचं तुमी पाहा," मी म्हटलं. "हे मोजून घ्या."

त्यांनी मोजले. पूर्ण होते.